कॅनडात संसार मोडला तर: सातारा-सांगलीहून नव्याने गेलेल्यांसाठी कायद्याची वाट

लग्न कऱ्हाडच्या कार्यालयात लागलं, नोंद गावच्या ग्रामपंचायतीत झाली आणि संसार कॅनडातल्या ब्रॅम्प्टनच्या भाड्याच्या बेसमेंटमध्ये मोडायला आला, तर त्या जोडप्याच्या मागे दोन देशांचे कायदे एकदम लागतात. तिकडच्या कोर्टाचा निकाल इकडे आपोआप लागू होत नाही आणि इकडचा तिकडे होत नाही. म्हणून प्रत्येक कागदावर सही करण्याआधी एकच विचारायचं: हा दोन्हीकडे टिकेल का?

खालची माहिती ओंटारिओ प्रांत धरून दिली आहे. कॅनडात घटस्फोटाचा कायदा सगळ्या देशाला एकच आहे, पण मालमत्तेच्या वाटणीचा प्रांताप्रांतात बदलतो. इकडची बाजू हिंदू विवाह कायदा १९५५ धरून लिहिली आहे. निकाह, चर्चमधलं लग्न किंवा विशेष विवाह कायद्याखालची नोंदणी असेल तर इकडची कलमं वेगळी लागतात.

पीआर जाईल का?

बहुतेकांना पहिली भीती हीच असते, आणि धमकीही हीच दिली जाते: "सोडून गेलीस तर परत पाठवीन." पीआर, म्हणजे कॅनडात कायम राहण्याची परवानगी, हातात आलेला असेल तर वेगळं झाल्याने तो जात नाही. जोडीदाराच्या स्पॉन्सरशिपवर, म्हणजे त्याने हमी घेऊन बोलावल्यावर, आलेल्यांना दोन वर्षं एकत्र राहण्याची अट पूर्वी होती. ती एप्रिल २०१७ मध्ये रद्द झाली. उलट स्पॉन्सर करणाऱ्याने सरकारला दिलेली हमी तीन वर्षं चालते आणि घटस्फोट झाला तरी सुटत नाही. त्या काळात जोडीदाराने सरकारी मदत घेतली तर सरकार ती रक्कम स्पॉन्सरकडे मागू शकतं. स्पॉन्सरशिपवर पीआर मिळालेल्या माणसाला पुढची पाच वर्षं दुसऱ्या जोडीदाराला स्पॉन्सर करता येत नाही, हेही दुसऱ्या लग्नाची घाई करणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

पीआर अजून मिळायचा असेल तर मात्र परिस्थिती नाजूक आहे. तो मिळेपर्यंत स्पॉन्सर आपला अर्ज मागे घेऊ शकतो. नवऱ्याच्या किंवा बायकोच्या नावावर काढलेलं ओपन वर्क परमिट (कुठल्याही मालकाकडे काम करण्याचा परवाना) त्यावर छापलेल्या तारखेपर्यंत चालतं, पण त्याच नात्यावर पुढे वाढवून मिळत नाही. म्हणजे हातात उरलेल्या महिन्यांत स्वतःच्या पायावरचा परवाना शोधायचा असतो. घरात मारहाण, कोंडून ठेवणं, पैसे काढून घेणं असे प्रकार असतील तर कौटुंबिक हिंसेच्या बळींसाठी वेगळा तात्पुरता राहण्याचा परवाना २०१९ पासून मिळतो. पहिल्या परवान्याला फी नाही आणि सोबत कामाचा परवानाही मागता येतो.

"पीआर येईपर्यंत एकत्र राहतोय असं दाखवू, मग बघू" हा सल्ला नातेवाईक हमखास देतात. तो ऐकू नये. वेगळे झाल्याचं इमिग्रेशनपासून लपवलं तर ती खोटी माहिती ठरते आणि त्याला पाच वर्षांची बंदी आहे. शिवाय वेगळं झाल्याची तारीख पुढे घटस्फोटाच्या अर्जात लिहावीच लागते, तेव्हा दोन सरकारी कागदांवर दोन गोष्टी दिसतात.

वेगळे झाल्याची तारीख

कॅनडात लग्न मोडलं हे दाखवण्याचा सरळ मार्ग म्हणजे एक वर्ष वेगळं राहणं. व्यभिचार आणि क्रूरता ही कारणंही कायद्यात आहेत, पण ती सिद्ध करण्यात पैसा आणि वेळ जातो, आणि पोटगी किंवा वाटणी त्यामुळे सहसा वाढत नाही. आपल्याकडे चूक कुणाची यावर सगळी बैठक बसते. तिकडच्या कोर्टाला त्यात फारसा रस नसतो.

वेगळं राहणं म्हणजे वेगळं घर असायलाच हवं असं नाही. भाडं परवडत नाही म्हणून कित्येक जोडपी एकाच छताखाली वेगळी राहतात. ते पटवायला काही खुणा लागतात: खोल्या वेगळ्या, स्वयंपाक आणि खर्च वेगळा, नातेवाइकांना आणि मित्रांना सांगितलेलं. सगळ्यात सोपा पुरावा म्हणजे त्या दिवशी जोडीदाराला पाठवलेला साधा ईमेल: "आजपासून आपण नवरा-बायको म्हणून राहत नाही." भांडणाचा मजकूर त्यात घालू नये. मधे समेटासाठी पुन्हा एकत्र राहिलात तर ९० दिवसांपर्यंत वर्ष तुटत नाही; त्याच्या पुढे गेलं की मोजणी पहिल्यापासून.

अर्ज वेगळं झाल्यावर लगेच करता येतो, फक्त निकाल वर्ष भरल्याशिवाय मिळत नाही. पण अर्जाच्या आधी दोघांपैकी एक तरी त्या प्रांतात सलग एक वर्ष राहिलेला हवा. नागरिकत्व किंवा पीआर लागत नाही. निकालानंतर ३१व्या दिवशी घटस्फोट अमलात येतो आणि त्यानंतर प्रमाणपत्र निघतं. दुसऱ्या लग्नाला हे प्रमाणपत्र लागतं, नुसत्या निकालाच्या प्रतीवर भागत नाही.

याच तारखेशी आणखी एक काम जोडलेलं आहे. ९० दिवस वेगळे राहिल्यावर कॅनडाच्या कर खात्याला वैवाहिक स्थिती बदलल्याचं कळवायचं. मुलांचा भत्ता मग एकाच्याच उत्पन्नावर ठरतो आणि बहुधा वाढतो. कळवलं नाही तर पुढे वसुलीचं पत्र येतं.

पोलिसांना बोलावण्याआधी आणि बोलावल्यावर

जिवाला धोका असेल तर ९११, बाकी कशाचाही विचार नंतर. मात्र एक फरक आधीच माहीत हवा. आपल्याकडे पोलीस ठाण्यात समजूत घालून, दोन्हीकडच्या चार माणसांना बसवून तक्रार मिटवण्याची पद्धत आहे. तिकडे पोलिसांनी एकदा आरोप ठेवला की खटला सरकार चालवतं; बायकोने "मागे घेते" म्हटलं तरी तो थांबेलच असं नाही. आरोपीला सोडताना बहुतेक वेळा "संपर्क नको, घरी जायचं नाही" अशी अट घालतात. त्यामुळे नवऱ्याला त्याच रात्री घर सोडावं लागू शकतं, आणि मिरजेहून सासऱ्यांनी सुनेला फोन करून "त्याचा निरोप" सांगितला तरी अट मोडल्याचा प्रश्न उभा राहतो. पोलिसांनी दुभाषा दिला तर तो मराठीच मागावा. हिंदीत "मारा" आणि "धक्का दिया" यातला फरक घाईत पुसला जातो आणि जबाब तसाच लिहिला जातो.

निवारा, सल्ला, वकील कुठे मिळेल यासाठी २११ हा नंबर आहे, तिथेही दुभाषा मिळतो. ओंटारिओच्या कौटुंबिक न्यायालयांत माहिती केंद्र असतं, आणि उत्पन्न कमी असेल तर तिथेच ड्यूटी काउन्सेल म्हणजे सरकारी खर्चाचा वकील त्या दिवसापुरता मदत करतो.

घर कुणाच्याही नावावर असो, विवाहित जोडप्याच्या राहत्या घरात राहण्याचा हक्क दोघांनाही सारखाच असतो. कोर्टाच्या आदेशाशिवाय कुलूप बदलून दुसऱ्याला बाहेर काढता येत नाही, आणि त्याच्या संमतीशिवाय ते घर विकता किंवा गहाण ठेवता येत नाही.

घटस्फोट इकडे मागावा की तिकडे?

सगळ्यात जास्त नुकसान या एका निर्णयात होतं.

समजा नवऱ्याने ओंटारिओत एकट्याने अर्ज केला, बायको साताऱ्यात माहेरी आहे, तिने उत्तरच दिलं नाही आणि एकतर्फी निकाल झाला. तो निकाल भारतात बहुधा टिकत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम १३ आणि सर्वोच्च न्यायालयाचा १९९१ चा नरसिंह राव विरुद्ध वेंकट लक्ष्मी हा निकाल असं सांगतात: ज्या कायद्याखाली लग्न झालं त्याच कायद्यातलं कारण आणि त्याच कायद्याने अधिकार असलेलं न्यायालय हवं, नाहीतर समोरच्याने स्वखुशीने हजर राहून खटला लढवलेला किंवा निकालाला संमती दिलेली हवी. "एक वर्ष वेगळे राहिलो" एवढंच कारण हिंदू विवाह कायद्यात एकतर्फी घटस्फोटाला चालत नाही. म्हणजे तिकडे तो मोकळा, इकडे विवाहित. अशाने गावी येऊन दुसरं लग्न लावलं तर द्विविवाहाची तक्रार होऊ शकते.

उलटं समजा. दोघंही तिकडे राहतात, पण "आपल्याकडे स्वस्तात होईल" म्हणून नवऱ्याने साताऱ्यात अर्ज टाकला आणि निकाल मिळवला. कॅनडा परदेशी घटस्फोट मानतो, पण अर्जाच्या आधी दोघांपैकी एक जण त्या देशात निदान एक वर्ष राहत असावा लागतो, किंवा त्या देशाशी खरा आणि भक्कम संबंध दाखवावा लागतो. लग्न इथे झालं, आई-वडील इथे आहेत, एवढ्यावर तो संबंध ठरेलच असं नाही. पुन्हा ओंटारिओत दुसऱ्या लग्नाचा परवाना मागताना परदेशी घटस्फोटावर तिथल्या वकिलाचं मतपत्र आणि प्रांत सरकारची मंजुरी लागते. आणि खरी मेख पुढेच आहे: परदेशात घटस्फोट आधी झाला की ओंटारिओत जोडीदाराला स्वतःची पोटगी मागण्याची वाट जवळजवळ बंद होते. मुलांची पोटगी मागता येते, पत्नीची अडकते. काही नवरे इकडे घाईने अर्ज का टाकतात, याचं उत्तर बरेचदा इथे असतं. माहेरच्यांनी "होऊन जाऊ दे एकदाचं" म्हणून सही द्यायला लावण्याआधी तिकडच्या वकिलाला विचारावं.

दोघं तिकडे आहेत आणि दोघांनाही मोकळं व्हायचंय, तर सर्वांत सुरक्षित वाट म्हणजे ओंटारिओत दोघांच्या नावाने संयुक्त अर्ज. त्यात दोघांची संमती कागदावर असते, म्हणून इकडे तो निकाल टिकण्याची शक्यता सर्वाधिक. अर्जाआधी पोटगी, मुलं, मालमत्ता यांचा लेखी करार करावा. त्यावर दोघांच्या सह्या आणि साक्षीदार हवेत. दोघांनी आपापला वकील वेगळा घ्यावा. एकाच वकिलाने दोघांचं केलेलं पुढे मोडायला सोपं असतं.

दोघांपैकी एक साताऱ्या-सांगलीला परतला असेल तर इकडे हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब खाली परस्पर संमतीचा अर्ज हा चांगला पर्याय. एक वर्ष वेगळं राहिलेलं हवं, पहिल्या आणि दुसऱ्या अर्जात सहा महिन्यांची मुदत असते. ती माफ करण्याचा अधिकार न्यायालयाला आहे, हे २०१७ च्या अमरदीप सिंग निकालाने स्पष्ट केलं. पत्नी ज्या ठिकाणी राहते तिथल्या न्यायालयात ती स्वतः अर्ज करू शकते, म्हणून माहेर वाईचं असेल तर लग्न पुण्यात झालं या कारणाने पुण्याला खेटे घालायची गरज नाही.

दोन कागद मात्र कुठेच चालत नाहीत. एक, स्टँप पेपरवर नोटरी करून घेतलेली सोडचिठ्ठी. दुसरा, भावकीने बसून दिलेली फारकत. जमातीची जुनी रूढी कोर्टात सिद्ध केली तरच तसा काडीमोड मानला जातो, आणि ते सिद्ध करणं हा स्वतंत्र खटलाच असतो. पहिलं लग्न असं "मोडून" दुसरं केलेल्या कुणाचीही स्पॉन्सरशिप इमिग्रेशनच्या टेबलावर अडते.

समन्स दारात आलं तर

ओंटारिओचा अर्ज कॅनडा-अमेरिकेबाहेर बजावला गेला तर उत्तराला ६० दिवस मिळतात; तिकडेच मिळाला तर ३०. दोन्ही देश हेग बजावणी करारात (कोर्टाचे कागद परदेशात कसे पोचवायचे याच्या आंतरराष्ट्रीय करारात) आहेत, पण भारताने पोस्टाने थेट बजावणीला हरकत घेतली आहे. म्हणून तिकडची कागदपत्रं दिल्लीच्या कायदा मंत्रालयामार्फत यायला हवीत. कुरियरने इस्लामपूरच्या घरी आलेलं पाकीट ही रीतसर बजावणी नव्हे. तरी पाकीट परत धाडून गप्प बसणं धोक्याचं. तिकडचं कोर्ट पुढे जाऊ शकतं. आणि वकिलाला न विचारता लांबलचक उत्तर लिहिणंही धोक्याचंच, कारण त्याचा अर्थ "त्या कोर्टाचा अधिकार मान्य" असा लावला जाऊ शकतो. नुसती अधिकाराला हरकत घ्यायची की खटला लढायचा, हे दोन्हीकडच्या वकिलांशी बोलून ठरवावं.

सातबारा, सोनं आणि तिकडचं घर

भारतात लग्नामुळे नवऱ्याच्या मालमत्तेत बायकोला आपोआप वाटा मिळत नाही. पोटगी आणि स्त्रीधन मिळतं. ओंटारिओत हिशेबच वेगळा. लग्नाच्या तारखेला प्रत्येकाकडे निव्वळ किती होतं आणि वेगळे झाल्याच्या तारखेला किती आहे, याचा फरक काढतात. समजा त्याची वाढ ८०,००० डॉलर आणि तिची २०,००० डॉलर. फरक ६०,०००, त्याचा निम्मा म्हणजे ३०,००० त्याने तिला द्यायचे. वस्तू वाटत नाहीत, वाढलेली किंमत बरोबरीत आणतात. हा दावा वेगळं झाल्यापासून सहा वर्षांत किंवा घटस्फोटानंतर दोन वर्षांत, यातलं जे आधी येईल तोवर करावा लागतो. लग्न न करता एकत्र राहिलेल्यांना ही वाटणी नाही.

या हिशेबात जगभरातली मालमत्ता धरतात. तासगावची द्राक्षबाग, सांगलीतला गुंठेवारीचा प्लॉट, बँकेतली ठेव, सगळं. तिकडचं कोर्ट इथली जमीन विकून देत नाही, पण तिची किंमत पकडून तिकडच्या पैशातून फेड करायला लावतं. लपवलेला सातबारा आता ऑनलाइन दिसतो, त्यामुळे न दाखवणं हा मूर्खपणा.

लग्नानंतर वारशाने किंवा आई-वडिलांच्या बक्षीसपत्राने आलेली मालमत्ता वगळली जाते, पण वगळून मागणाऱ्यानेच ते सिद्ध करायचं. त्यासाठी नुसता सातबारा पुरत नाही. वारस नोंद कधी झाली ते फेरफार उताऱ्यावर कळतं, म्हणून सातबाऱ्यावर फेरफार क्रमांक बघून त्या प्रत्येक फेरफाराची प्रत तलाठ्याकडून किंवा ऑनलाइन काढावी. वडिलोपार्जित जमिनीतला हिस्सा जन्मानेच असतो, तेव्हा तो लग्नाच्या तारखेलाही होता असं मांडून त्या दिवशीची किंमत वजा मागायची. त्यासाठी दोन तारखांचं मूल्यांकन लागतं. आणि सर्वांत महागात पडणारी गोष्ट: गावची वारसाची जमीन विकून तिकडच्या राहत्या घराचं डाऊन पेमेंट भरलं की ती सूट संपली. राहत्या घरात गेलेला वारसा परत वेगळा मोजत नाहीत.

सोन्याचं भांडण दोन्हीकडे होतं आणि दोन्हीकडे पुराव्यावर हरतं. इकडे स्त्रीधन ही बाईची स्वतःची मालमत्ता आहे, सर्वोच्च न्यायालयाने १९८५ च्या प्रतिभा राणी खटल्यात ते ठामपणे सांगितलं. पण गंठण किती तोळ्याचं हे कोण सांगणार? सराफ कट्ट्यावरच्या किंवा मोती चौकातल्या कच्च्या चिठ्ठीवर वजन असतं, नाव आणि तारीख नसते. पक्की बिलं, सुपारीच्या वेळी दोन्हीकडच्यांनी सही केलेली याद, लग्नाच्या अल्बममधले अंगावरच्या दागिन्यांचे जवळून काढलेले फोटो, लॉकरची नोंदवही हे एकत्र ठेवावं. नव्या दागिन्यावर सहा अक्षरी हॉलमार्क क्रमांक कोरलेला असतो. भिंगातून वाचून यादीत लिहावा. जुन्या पाटल्या मोडून नवीन तोडे केले असतील तर मोडीची पावती नसल्यास माहेरचं सोनं कुठे गेलं ते सांगता येत नाही.

मुलं

२०२१ पासून कॅनडाच्या घटस्फोट कायद्यात "ताबा" हा शब्द नाही. निर्णय कोण घेणार आणि कुणाकडे किती वेळ, असं ठरतं, आणि कसोटी एकच: मुलाचं हित. मुलाची पोटगी सरकारी तक्त्यावरून, देणाऱ्याच्या उत्पन्नावर निघते. पाळणाघर, शाळा, औषधोपचार यांचा जादा खर्च वेगळा वाटतात. भेटू देत नाही म्हणून पोटगी थांबवता येत नाही आणि पोटगी देत नाही म्हणून भेट अडवता येत नाही. ओंटारिओत वसुलीसाठी सरकारी कार्यालय आहे. ते पगारातून कापून घेतं, परवाना किंवा पासपोर्टवर टाच आणतं.

दुसऱ्या पालकाच्या लेखी संमतीशिवाय मुलाला भारतात आणू नये, आजी आजारी असली तरी. भारत मुलांच्या अपहरणाविषयीच्या हेग करारात नाही, आणि हे तिकडच्या वकिलांना ठाऊक असल्याने ते आधीच पासपोर्ट कोर्टात जमा करून घ्यायला सांगतात. संमती न घेता आणलं तर तिकडे फौजदारी गुन्हा आणि पुढच्या सगळ्या सुनावणीत तुमच्या विरोधात एक ठसठशीत मुद्दा तयार होतो.

सुट्टीला आणून माहेरी सोडलं तर

हा प्रकार ओळखीचा आहे: परतीचं तिकीट एकट्याचं, पासपोर्ट आणि पीआर कार्ड त्याच्या बॅगेत. घाबरून महिनोन्‌महिने वाट बघू नये. आधी स्थानिक पोलीस ठाण्यात पासपोर्ट आणि कार्ड काढून घेतल्याची लेखी तक्रार, मग पुणे प्रादेशिक कार्यालयाच्या अखत्यारीत नवा पासपोर्ट. पीआर असेल तर कार्डाशिवाय परत जायला पीआर ट्रॅव्हल डॉक्युमेंट मागता येतं. पाच वर्षांत ७३० दिवस कॅनडात राहण्याची अट असते, म्हणून उशीर केल्यास पीआरच धोक्यात येतो. परदेशी नवऱ्यांनी सोडलेल्या बायकांसाठी राष्ट्रीय महिला आयोगात वेगळा कक्ष आहे.

इकडेच लढायचं ठरलं तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली ती सध्या राहते तिथल्या दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, संरक्षण अधिकारी अहवाल बनवून देतो. पोटगीसाठी पूर्वीचं फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५ आता नागरिक सुरक्षा संहितेचं १४४ झालं आहे. २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालानंतर दोघांनाही उत्पन्न-मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. त्याच्या तिकडच्या पगारपावत्या, कर विवरण यांच्या प्रती निघण्याआधीच ईमेलवर टाकून ठेवल्या असतील तर इथेच उपयोग होतो. स्त्रीला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयातलं विधी सेवा प्राधिकरण किंवा १५१०० हा नंबर.

कागद तयार ठेवताना

लग्नाचा नोंदणी दाखला आधी. भटजींचं पत्र आणि पत्रिका नोंदणीच्या जागी चालत नाहीत. लग्न झाल्यावर नोंदवलंच नसेल तर ग्रामसेवकाकडे किंवा नगरपालिकेत उशिरा का होईना नोंदवून घ्यावं, आणि नावाचं स्पेलिंग पासपोर्टशी जुळतंय का बघावं. माहेरचं आडनाव दाखल्यावर आणि सासरचं पासपोर्टवर, ही गडबड इतकी होते की एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवलेलं बरं.

कॅनडा जानेवारी २०२४ पासून अपोस्टिल करारात आहे. अपोस्टिल म्हणजे कागद परदेशात खरा मानला जावा म्हणून लावलेला सरकारी शिक्का. म्हणून इकडचा दाखला राज्य सरकारचं साक्षांकन आणि परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल लावून पाठवता येतो, वकिलातीच्या फेऱ्या कमी झाल्या. मराठी कागदाचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर सोबत हवं. तिकडचा घटस्फोट इकडे दाखवायचा तर प्रमाणपत्रावर ओंटारिओचं अपोस्टिल घ्यायचं, आणि निकालाची पूर्ण प्रत तसंच अर्जाची प्रतही जोडायची; संमती होती हे त्या अर्जावरूनच दिसतं.

इकडे भावाला किंवा वडिलांना मुखत्यारपत्र द्यायचं असेल तर ते तिकडच्या भारतीय वकिलातीत सही करून साक्षांकित करावं, महाराष्ट्रात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांक शुल्क भरावं. मुदत गेली की दंड, आणि ऐन तारखेला कोर्ट ते मुखत्यारपत्र बाजूला ठेवतं. त्यात अधिकारही मोजून लिहावेत: अर्ज दाखल करणं आणि तारखांना हजर राहणं एवढेच. तडजोड करण्याचा किंवा जमीन विकण्याचा अधिकार दिला की भाऊबंदकीचा दुसरा खटला त्याच कागदातून निघतो.